शाळा खाली, तिजोरी वर

पुणे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलावर होणारा खर्च एकाच तिजोरीतून येत नाही. शाळेची इमारत, तिची डागडुजी, पाणी, शिपाई आणि सफाई यांचा भार महापालिका उचलते. शिक्षकांचे वेतन महापालिका देते आणि त्यातला ठराविक हिस्सा राज्य शासन अनुदान म्हणून भरून देते. दुपारच्या खिचडीचा तांदूळ केंद्र सरकार पुरवते, तर तो शिजवण्याच्या खर्चात केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात वाटेकरी असतात. आणि सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत तयार होणारी पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मोफत मिळतात ती मुख्यतः ‘समग्र शिक्षा’ या केंद्र व राज्य यांच्या सामाईक योजनेच्या पैशातून. ही वाटणी कोणी एका बैठकीत विचारपूर्वक ठरवलेली नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत एकावर एक चढत गेलेले कायदे, ठराव आणि योजना यांचा तो साचलेला थर आहे, आणि तो खरवडून पाहिला तर तळाशी एकच जुना प्रश्न सापडतो: सर्वांसाठी असलेल्या शाळेचा मुख्य खर्च गावाने करायचा की देशाने?

हा प्रश्न पुण्यासारख्या तुलनेने सधन शहरालाही का भेडसावतो, हे समजण्यासाठी महापालिकेच्या उत्पन्नाकडे पाहावे लागते. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर म्हणजे जकात, आणि दीर्घकाळ तोच महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा कणा होता. १ एप्रिल २०१३ रोजी जकात जाऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर वस्तूंच्या खरेदीविक्रीवर शहराने स्वतः कर बसवण्याचा मार्ग बंद झाला. त्या बदल्यात राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळते, पण भरपाई म्हणजे स्वतःचा कर नव्हे. तिचे दर, तिची वाढ आणि तिची तारीख दुसऱ्याच्या हातात असते. हाती उरले ते प्रामुख्याने मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांतून येणारे विकास शुल्क. कर्तव्याच्या बाजूला मात्र काहीच कमी झाले नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक काम आहे, म्हणजे पैसे नाहीत म्हणून टाळता न येणारे. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ‘स्थानिक प्राधिकरण’ या नावाखाली प्रत्येक मुलाला शाळेत दाखल करून घेण्याची, शाळेबाहेरची मुले शोधण्याची आणि स्थलांतरित मुलांना सामावून घेण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. कर वरच्या तिजोरीकडे सरकत गेला आणि शाळा होती तिथेच, खाली, राहिली.

हद्दवाढीने हे आणखी स्पष्ट केले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तेव्हा त्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळाही महापालिकेकडे देण्याचा प्रश्न उभा राहिला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन जवळजवळ पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतून येते, महापालिकेच्या शिक्षकाचे तसे येत नाही. म्हणजे वर्ग तोच, फळा तोच, मुले तीच, पण नकाशावरची रेषा सरकताच खर्चाचा धनी बदलतो. मुलाच्या हक्काचा पैसा अशा रेषेवर अवलंबून असणे विचित्र आहे, आणि त्याहून विचित्र म्हणजे ते कोणाला फारसे विचित्र वाटत नाही.

सार्वजनिक पैशातून सामान्यांची शाळा ही कल्पना पुण्याला नवी नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढे त्यांच्या संस्थेच्या मुलींच्या शाळांना दक्षिणा प्राइझ कमिटीकडून दरमहा ७५ रुपयांची मदत मिळू लागली. दक्षिणा म्हणजे पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना राज्याच्या खजिन्यातून वाटले जाणारे द्रव्य. इंग्रजी अमलातही ती प्रथा काही काळ चालू राहिली, आणि पुण्यातल्या सुधारकांच्या खटपटीनंतर त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथ आणि शाळा यांच्याकडे वळला. ज्या निधीतून पूर्वी शास्त्रीपंडितांचा सन्मान होत असे त्याच निधीतून मुलींच्या शाळेला पैसे मिळणे ही रक्कम म्हणून लहान, पण तत्त्व म्हणून फार मोठी घटना होती, कारण राज्याच्या खजिन्यावर कोणाचा अधिकार आहे याचे उत्तर त्यात बदललेले दिसते.

हेच उत्तर फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सविस्तर मांडले. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा हा आयोग प्राथमिक शिक्षणाची स्थिती तपासत होता. त्या वेळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून जास्त घेतला जाई, आणि त्याचा एक-तृतीयांश भाग शाळांसाठी राखलेला असे. रयत सारा भरते, वर हा आणाही भरते, आणि तरी शिक्षणावरचा सरकारी खर्च मुख्यतः वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही फुल्यांची मुख्य तक्रार होती. वरच्या थरातल्या थोड्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल असा जो सिद्धांत सरकारी वर्तुळात रूढ होता, तो त्यांनी हिशेबाच्या अंगाने खोडून काढला: पैसा ज्याच्याकडून येतो त्याच्या मुलापर्यंत तो परत जात नाही. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांनी मागणी केली. शाळांचा कारभार पाटील, इनामदार, सरदार अशांचा भरणा असलेल्या स्थानिक समित्यांवर सोपवण्याविषयी त्यांना भरवसा नव्हता, ही बाब आजच्या वादात फारशी कोणी आठवत नाही. ‘स्थानिक’ म्हणजे आपोआप लोकांच्या जवळचे, ही समजूत गावच्या सत्तेचा अनुभव नसलेल्या माणसालाच परवडते.

हंटर आयोगाने मात्र उलट दिशा धरली. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे द्याव्यात, आणि प्रांतिक सरकारने एकूण खर्चाच्या साधारण एक-तृतीयांश इतकी मदत करावी, अशी शिफारस त्याने केली. लॉर्ड रिपन यांचे स्थानिक स्वराज्याचे धोरण त्याच वर्षीचे असल्याने ही शिफारस उदार आणि आधुनिक वाटली. प्रत्यक्षात ज्या संस्थांकडे उत्पन्नाचे साधन तुटपुंजे होते त्यांच्याच गळ्यात सर्वांत खर्चिक काम पडले. भारतीय शालेय शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेची मूळ चूक शोधायची तर ती येथे आहे.

ती चूक सुधारण्याचा पहिला गंभीर प्रयत्नही पुण्याच्याच माणसाने केला. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करणारे गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी त्याचे विधेयक आणले. विधेयक भिडस्त म्हणावे इतके सौम्य होते. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही जिथे आधीच ठराविक प्रमाणात मुले शाळेत जात असतील अशाच भागात, तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर, आणि महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकतीच्या पालकांना फी माफ. परंतु सारे गाडे खर्चावर येऊन थांबते हे गोखल्यांना पक्के ठाऊक होते. कायदेमंडळात दरवर्षी अंदाजपत्रकाची चिरफाड करणारा हा माणूस आकड्यांत मुरलेला होता. सरकारने दोन-तृतीयांश आणि स्थानिक संस्थेने एक-तृतीयांश भार उचलावा अशी अपेक्षा त्यांनी मांडली, म्हणजे हंटर आयोगाने सुचवलेले प्रमाण त्यांनी सरळ उलटे केले. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

त्याच्या तीनच महिने आधी, दिल्ली दरबाराच्या वेळी, बादशहाच्या नावे लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांचे अनुदान जाहीर झाले होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या की अनुदान आणि हक्क यांतला फरक डोळ्यांसमोर येतो. पन्नास लाख ही देणगी होती. ती किती, कोणाला आणि कधी द्यायची हे देणारा ठरवणार होता. गोखल्यांना हवा होता तो कायद्याने बांधलेला वाटा, जो मागण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. सरकारला पैसे देण्याची अडचण नव्हती, बांधून घेण्याची होती, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

विधेयक पडल्यावर काय होते याचे उत्तर पुण्याच्याच रस्त्यांवर मिळाले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना आपापल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला, पण खर्चाचा मोठा भाग नगरपालिकांनीच उभा करायचा होता. पुणे नगरपालिकेत लगेच वाद पेटला: सक्ती मुलग्यांपुरती ठेवायची की मुलींनाही लागू करायची? दोघांसाठी पैसा पुरणार नाही, तेव्हा आधी मुलगे, असा एक पक्ष होता आणि लोकमान्य टिळकांचे वजन त्या बाजूला होते. दुसऱ्या बाजूला सेवासदनाच्या रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रिया मुलींना वगळण्याविरुद्ध मोर्चे आणि सभा घेऊन उभ्या राहिल्या. या वादात स्त्रीशिक्षणाविषयीची वैचारिक तेढ होतीच, तिला केवळ पैशाचे कारण देणे चूक ठरेल. पण पैसा अपुरा असल्याने त्या तेढीला एक सभ्य, व्यवहारी चेहरा मिळाला. लहान तिजोरीला कोणाला तरी वगळावे लागते, आणि ज्याचा आवाज सर्वांत क्षीण तोच बहुधा आधी वगळला जातो.

याच सुमारास जवळच्या दोन संस्थानांत वेगळे घडले होते. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे मोफत शिक्षण लागू केले, आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तसाच हुकूम काढला. दोघांचीही दूरदृष्टी वादातीत आहे. परंतु कायदा करणारा आणि कर गोळा करणारा एकच होता, ही प्रशासकीय सोयही तितकीच महत्त्वाची.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले, पण शिक्षण हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्याने केंद्राने उद्दिष्ट सांगायचे आणि राज्याने पैसे शोधायचे अशी विभागणी झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आणले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येऊ लागले. अधिकार वाटला गेला, खर्च त्या प्रमाणात वाटला गेला नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात केंद्राचा वाटा प्रथम ८५ टक्के होता, मग ७५, पुढे ६५ आणि २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी ६० टक्के झाला. आणि हे प्रमाण फक्त योजनेच्या खर्चाचे आहे, शिक्षकांच्या नियमित वेतनाचा डोंगर त्याच्या बाहेर राहतो. देशातल्या शिक्षणावरच्या एकूण सरकारी खर्चापैकी सुमारे तीन-चतुर्थांश आजही राज्येच करतात.

केंद्राकडे पैसा येतो कसा, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. २००४ पासून प्राप्तिकर आणि इतर केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला गेला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला, आणि २०१८ मध्ये प्राप्तिकरावरील या दोन्हींच्या जागी ४ टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर आला. उपकर म्हणजे विशिष्ट कामासाठी करावर घेतलेला कर. घटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकराचे उत्पन्न विभाज्य कोषात, म्हणजे वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना वाटल्या जाणाऱ्या रकमेत, धरले जात नाही. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या अभियंत्याच्या पगारातून शिक्षणाच्या नावाने कापली जाणारी रक्कम अशा रीतीने थेट दिल्लीला जाते, आणि ती परत यायची असेल तर योजनेच्या रूपाने, योजनेच्या अटींसह येते. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरासाठी तर स्वतंत्र निधी उभारण्याला मंजुरी मिळायलाच ऑगस्ट २०१७ उजाडला. दहा वर्षे कर घेतला गेला आणि त्याचे भांडे मात्र तयार नव्हते.

त्याच अभियंत्याचे उदाहरण पुढे नेले तर राष्ट्रीय निधीची सर्वांत भक्कम बाजू समोर येते. तो लातूर किंवा बीडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला असू शकतो. त्याच्या शिक्षणाचा भार त्या दुष्काळी जिल्ह्याने आणि राज्याने उचलला, त्याचे कौशल्य पुण्याला मिळाले, त्याचा प्राप्तिकर केंद्राला मिळाला. उलट पुण्यातल्या बांधकामांवर राबणाऱ्या बिहार, कर्नाटक किंवा मराठवाड्यातल्या मजुरांची मुले महापालिकेच्या शाळेत येतात आणि दोन वर्षांत दुसऱ्या शहरात निघून जातात. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात: खर्च करणाऱ्याच्या हद्दीबाहेर जाणारा फायदा. असा लाभ जिथे मोठा असतो तिथे स्थानिक संस्था गरजेपेक्षा कमी खर्च करते, कारण आपण पेरलेले दुसऱ्याच्या अंगणात उगवते हे तिला दिसत असते. म्हणून ज्या हद्दीत सारा लाभ सामावतो त्या हद्दीच्या सरकारने, म्हणजे देशाने, खर्चाचा मोठा वाटा उचलावा हे तर्काला धरून आहे. फ्रान्सने १८८९ मध्ये प्राथमिक शिक्षकांचे वेतन राष्ट्राच्या तिजोरीवर घेतले. जपानमध्ये सक्तीच्या शिक्षणातल्या शिक्षकांच्या वेतनाचा निम्मा भाग दीर्घकाळ राष्ट्रीय कोषातून कायद्याने जात असे आणि २००६ पासून तो एक-तृतीयांश आहे. अमेरिकेत याच्या उलट स्थानिक मालमत्ताकरावर मोठी भिस्त ठेवली गेली, म्हणून महागड्या घरांच्या वस्तीची शाळा श्रीमंत आणि स्वस्त वस्तीची गरीब. १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग ठरत नाही असा निर्णय दिला, आणि ती आजवर पुरती मिटलेली नाही.

केंद्राला पूर्ण पैसा देऊन शाळा चालवता येत नाही असेही नाही. पुण्यात गणेशखिंड, सदर्न कमांड अशा ठिकाणी केंद्रीय विद्यालये आहेत आणि त्यांची इमारत, वेतन, प्रयोगशाळा सारे केंद्राच्या पैशातून होते. मात्र प्रवेशात पहिला मान बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना असतो. म्हणजे राष्ट्राने शाळेचा खर्च करावा हे तत्त्व १९६३ पासून मान्य आहे, ते कोणाच्या मुलांसाठी एवढाच प्रश्न आहे. याच्या शेजारी महापालिकेच्या शाळेला समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान ठेवून पाहावे. दोनशे पन्नास ते हजार विद्यार्थ्यांच्या शाळेला खडू, झाडू, विजेचे बिल, किरकोळ दुरुस्ती अशा साऱ्यासाठी वर्षाला ७५,००० रुपये हा त्याचा दर आहे, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. नऊशे मुलांच्या शाळेत हे मुलामागे वर्षाला ८४ रुपयांच्या आत बसते.

राष्ट्रीय निधीविरुद्धचा गंभीर आक्षेप असा की पैसा आला की हुकूम येतो. तो खोटा नाही. केंद्राच्या ‘पीएम श्री’ या शाळा-योजनेचा करार न केल्यामुळे २०२४-२५ मध्ये तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा दोन हजार कोटींहून अधिक निधी अडकला आणि त्या राज्याला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. परंतु या अनुभवावरून राष्ट्रीय निधी नको असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तो योजनेच्या रूपात नको, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. निधी विद्यार्थिसंख्या, वस्तीचे दारिद्र्य आणि स्थलांतराचे प्रमाण यांच्या ठरलेल्या सूत्राने आपोआप मिळाला, तर तो रोखण्याची किल्ली कोणाच्याही हाती राहत नाही, आणि भाषा, शिक्षक, शाळेच्या वेळा यांचे निर्णय राज्य आणि शहर यांच्याकडेच राहू शकतात.

किती पैसा लागेल हेही अज्ञात नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे लक्ष्य ठेवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि त्यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था पुढे कोथरूडला स्थिरावली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच ६ टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला आणि २०१७-१८ मधला प्रत्यक्ष खर्च ४.४३ टक्के असल्याचे त्याच दस्तऐवजात नोंदवले.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ७ नुसार निधीची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांची आहे, आणि केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून ‘वेळोवेळी ठरवील त्या टक्केवारीत’ अनुदान द्यायचे आहे. टक्केवारी मात्र कायद्यात लिहिलेली नाही. ती लिहिली जावी, वेतनाच्या खर्चालाही लागू व्हावी आणि दोन-तृतीयांशापेक्षा कमी नसावी, अशी मागणी पुण्याच्या खासदारांकडे करणे हे पुणेकर करदात्याच्या सहज हातचे काम आहे.